क'गरी बेटावर फोर बाय फोर गाडी नेताना या चुका टाळा

पुण्याहून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या कुटुंबांचे फोन दिवाळीच्या सुमारास येऊ लागतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न अंतराचा असतो: क'गरी बेटावरच्या हॅपी व्हॅली या वस्तीहून इंडियन हेड हे खडकाळ टोक किती किलोमीटर, आणि पोहोचायला किती वेळ लागेल? क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतचे क'गरी (उच्चार 'गरी') हे सुमारे १२३ किलोमीटर लांबीचे, जगातले सर्वांत मोठे वाळूचे बेट आहे. २०२३ पर्यंत त्याचे अधिकृत नाव फ्रेझर आयलंड होते. १९९२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याचा बहुतांश भाग ग्रेट सँडी राष्ट्रीय उद्यानात येतो. पूर्वेकडचा सेव्हंटी-फाइव्ह माइल बीच हाच तिथला हमरस्ता असून त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, तर जंगलातल्या वाळूच्या वाटांवर ३० ची. हा हमरस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. त्यामुळे अंतर विचारणाऱ्याला मी आधी भरतीची वेळ विचारतो, आणि ती बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत किनाऱ्यावर गाडी घालायची नाही, हा तिथला साधा नियम आहे. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते आणि तीच चालवण्याजोगी असते. भरतीत ती बुडते आणि गाडीला वाळूच्या टेकडीच्या पायथ्याच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत चढावे लागते. नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो ज्या वेळेवर बेतलेला आहे ती वेळ चुकीच्या जागेवरून घेतली जाते.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो होतो. पुढच्या गाडीचे सारथ्य करणारे गृहस्थ मूळचे श्रीवर्धनचे. आजोबांकडून शिकलेले गणित त्यांना तोंडपाठ होते: तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे भरतीची वेळ मिळते. आपल्या कोकण किनाऱ्यावर हे गणित ढोबळमानाने बरोबर येते आणि आमच्या आधीच्या पिढ्यांनी त्यावर आयुष्य काढले आहे, याचा मला आदर आहे. त्या दिवशी त्रयोदशी होती. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, म्हणजे भरती रात्री पावणेदहाला. तेव्हा पावणेआठपर्यंत वाळू मोकळी, असे ठरवून आम्ही संध्याकाळी साडेचारला इंडियन हेडहून दक्षिणेकडे निघालो. तिथल्या भरती-ओहोटीचे छापील कोष्टक माझ्या सामानात होते आणि मी ते काढून पाहिले नाही, याची खंत मला आजही आहे. प्रत्यक्षात तिथली भरती साडेसहाच्या सुमारास होती. चंद्र तोच असला तरी प्रत्येक किनाऱ्यावर पाणी पोहोचायला लागणारा वेळ निराळा असतो, आणि तो समुद्रतळाच्या व किनाऱ्याच्या घडणीवर ठरतो.

१९३५ च्या वादळात वाळूत रुतलेल्या महेनो जहाजाचा गंजलेला सांगाडा ओलांडेपर्यंत सूर्य मावळला होता आणि लाटा टेकडीच्या पायथ्याला लागत होत्या. त्रयोदशी म्हणजे उधाण जवळ आलेले, त्यामुळे पाणी चढलेही बरेच. ईलाय क्रीक या ओढ्याच्या मुखाशी पुढची गाडी थबकली. मी दिव्याच्या उजेडात पाहत होतो: प्रत्येक लाट मागे जाताना मागच्या चाकाखालची वाळू ओंजळभर घेऊन जात होती आणि चाक तेवढेच खाली बसत होते. चार-पाच लाटांत पाणी दाराच्या खालच्या कडेला लागले. गाडी मागे घेऊन आम्ही दोन्ही गाड्या टेकडीला चिकटवून उभ्या केल्या आणि दोन लहान मुलांसह नऊ वाजेपर्यंत आतच बसून राहिलो. माणसांना काही झाले नाही. भाड्याच्या गाडीच्या करारात मात्र खाऱ्या पाण्याच्या नुकसानीला विमा लागू नव्हता, आणि अनामत रकमेतला मोठा हिस्सा गेला. हे कलम सही करण्याआधी वाचावे, कारण तिथल्या भाड्याच्या करारांत ते सर्रास असते.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. बेटाच्या पूर्व, म्हणजे महासागराकडच्या किनाऱ्याचेच कोष्टक घ्यायचे; पश्चिमेकडच्या हर्वी बे या उपसागराच्या बाजूचे चालत नाही, कारण एकाच बेटाच्या दोन बाजूंच्या वेळा वेगळ्या असतात. प्रत्येक दिवसाच्या ओहोटीच्या वेळेभोवती जाड पेनाने चौकट काढून तो कागद स्टिअरिंगशेजारी चिकटवायचा आणि जेवण, पोहणे, फोटो हे सगळे त्या चौकटीत बसवायचे. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालचा कार्यक्रम आज चालत नाही. तिथीचा उपयोग एवढाच करावा की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चौकट आणखी आखूड धरावी.

दुसरी चूक चाकातल्या हवेची, आणि तिच्यासाठी मी पुण्यातल्या अनुभवी मंडळींनाही माफ करत नाही. ताम्हिणी-मुळशीच्या चिखलात ज्यांचा हात बसला आहे, त्यांना चाक जोरात फिरवायची सवय असते. चिखलात ते योग्यच आहे, कारण फिरणारे चाक खाचांत अडकलेला चिखल बाहेर फेकते आणि पुन्हा पकड मिळवते. वाळूत तेच चाक स्वतःची विहीर खणते. तिथे हवा कमी करणे हाच खरा उपाय आहे: टायर चपटा होऊन जमिनीला लांबलचक टेकतो, वजन पसरते आणि गाडी वाळूत खुपण्याऐवजी वर तरंगत जाते. पेट्रोल पंपावर भरलेल्या पस्तीस पीएसआय दाबावर कितीही ताकदीचे इंजिन फुकट आहे.

तरीही लोक मुख्य भूमीवरच्या इन्स्किप पॉइंटला, गाड्या बेटावर नेणाऱ्या बार्जकडे (सपाट बोटीकडे) जाणाऱ्या भुसभुशीत पट्ट्यातच रुततात, कारण 'पलीकडे उतरल्यावर हवा काढू' असे त्यांनी ठरवलेले असते. दहा मिनिटे वाचवण्याचा हा हट्ट मला समजत नाही. मी डांबर संपते तिथेच थांबतो, पुण्याहून नेलेल्या माझ्या स्वतःच्या मापकाने चारही चाके १८ पीएसआयवर आणतो आणि मगच पुढे जातो. रुतलोच तर १५ पर्यंत. त्याखाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटण्याची भीती असते. हवा कमी असताना वेग आणि वळणे दोन्ही सौम्य ठेवावी लागतात.

रुतल्यावर पहिली गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढणे. मग चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढावी, आणि आपल्याच चाकोरीतून हळू मागे यावे. दोरीने ओढायची वेळ आलीच तर ती गाडीमागे ट्रेलर जोडण्यासाठी असलेल्या गोळ्याला कधीही अडकवू नये. तो गोळा तुटून उडाला तर जीव घेतो. गाडीला त्यासाठी वेगळा हुक असतो, तो निघण्याआधी शोधून ठेवावा.

ओढ्यांनी किनाऱ्यावर कापलेल्या उभ्या पायऱ्या दुरून दिसत नाहीत. प्रत्येक ओढ्याशी थांबावे, शंका आली तर आधी पायी चालून पाहावे. किनाऱ्यावर लहान विमानेही उतरतात, त्यांना वाट द्यावी. गाडीचा परवाना आणि तंबूचा परवाना वेगवेगळे आहेत, दोन्ही आधीच काढावेत. लो-रेंज (जादा ताकदीचा मंद गिअर) नसलेली आणि जमिनीपासून कमी उंचीची एसयूव्ही नेऊ नये, मग जाहिरात काहीही म्हणो. समुद्रात पोहू नये, कारण तिथे शार्क आहेत आणि पाण्याची ओढ जीवघेणी आहे. पोहायला बूरानगूरा, म्हणजे लेक मॅकेंझी, आहे, आणि ते तळे केवळ पावसाच्या पाण्यावर जगत असल्याने त्यात साबण नेऊ नये.

डिंगोबद्दल, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यांबद्दल, मात्र एका ओळीत भागणार नाही. आपल्या सोसायटीच्या फाटकाशी कुत्र्यांना बिस्किटे टाकणारा माणूस तिथेही सहज खिशात हात घालतो. त्यामागची माया खरी असते, पण एकदा माणसाच्या हातून अन्न मिळाले की त्या प्राण्याची भीती मोडते, तो तंबूंभोवती घोटाळू लागतो, आणि अखेर धोकादायक ठरवून त्यालाच मारावे लागते. २००१ मध्ये या बेटावर नऊ वर्षांचा मुलगा डिंगोंच्या हल्ल्यात दगावला. मुले हाताला लागतील इतकी जवळ ठेवावीत, एकट्याने फिरू नये, आणि चकलीच्या डब्यापासून कचऱ्याच्या पिशवीपर्यंत सगळे गाडीत बंद करावे. खायला घातल्यास दंडही होतो.

परतताना डांबर लागताच चाकांत पुन्हा पूर्ण हवा भरावी आणि त्याच दिवशी गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे. चॅसिसच्या खाचांत साचलेली ओली वाळू हाताने काढावी लागते. नळीच्या पाण्याने ती निघत नाही.