ध्रुवाकडच्या गावात डिझेल कमी कसं करायचं

उत्तरेकडच्या एखाद्या गावात सौर किंवा पवनऊर्जेच्या प्रकल्पावर जाणार असाल, तर पहिला आठवडा पॅनेलचं नावही काढू नका. पॉवरहाऊसमध्ये जाऊन बसा. अलास्का आणि उत्तर कॅनडातल्या बहुतेक आडगावांपर्यंत मोठ्या ग्रिडची तार पोचत नाही. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातली तर २५ च्या २५ गावं मुख्यतः डिझेलवरच चालत आली आहेत. दोन-तीन जनरेटर आणि ते सांभाळणारा एखादा ऑपरेटर, एवढ्यावर गाव उभं असतं. मी मायक्रोग्रिडच्या, म्हणजे गावापुरत्या स्वतंत्र वीजजाळ्याच्या कंट्रोलचं काम करतो, आणि माझ्या मते प्रकल्प तरतो की बुडतो ते या माणसावर ठरतं. लोड, म्हणजे विजेची मागणी, वाढली की तो आवाजावरून ओळखतो, स्क्रीनकडे नंतर बघतो.

त्याचं लॉगबुक मागा आणि उन्हाळ्यातला सगळ्यात कमी लोड शोधा. समजा जनरेटर २०० किलोवॅटचा आहे आणि जूनच्या दुपारी गावाचा लोड ९० आहे. जनरेटर साधारण ३० टक्क्यांच्या खाली फार वेळ चालवला की इंधन नीट जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काजळी आणि न जळलेलं इंधन साचतं. म्हणजे ६० किलोवॅट त्याच्यासाठी राखून ठेवायचे. सौरला उरले ३०. बॅटरी न घेता १५० किलोवॅटची पॅनेल लावलीत, तर भर उन्हात १२० वाया जाणार. म्हणून जनरेटर पूर्ण बंद असतानाही व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर आणि बॅटरी, यांचे पैसे आधी बाजूला काढा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर खराब होते. ती गरम कंटेनरमध्येच ठेवावी लागते, आणि तो हीटर किती वीज खातो तेही हिशेबात धरा.

नोव्हेंबर ते जानेवारी सौर वीज शून्य धरून चाला. खरी कमाई मार्च ते मे. सूर्य परतलेला असतो, थंडीत पॅनेलची कार्यक्षमता वाढते आणि जमिनीवरचा बर्फही ऊन परत फेकतो. दोन्ही बाजूंनी वीज करणारी पॅनेल जमिनीशी जवळपास काटकोनात उभी लावलीत तर या उजेडाचा फायदा मिळतो आणि वर बर्फही साचत नाही. जूनमध्ये सूर्य आकाशात गोल फिरत राहतो, तेव्हा सगळी पॅनेल दक्षिणेलाच तोंड करून लावायचा हट्ट सोडा. हिवाळ्यासाठी वारा. उणे ३० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १८ टक्के जड, त्यामुळे पातं जास्त वीज देतं, फक्त त्यावर बर्फ धरत नसेल तर. आर्क्टिक वृत्ताच्या वर असलेल्या कोट्झेब्यूच्या वीज सहकारी संस्थेने १९९७ पासून पवनचक्क्या चालवून दाखवल्या आहेत.

कामाचं वेळापत्रक उलटं मांडा. अवजड सामान उन्हाळ्यातल्या बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने येतं, क्रेन मात्र जमीन गोठलेली असतानाच फिरू शकते. पर्माफ्रॉस्टमध्ये, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीत, पाइल (पायाचे खांब) ठोकायचे तेही हिवाळा सरता सरता. म्हणजे ऑर्डर आदल्या वर्षीच गेली पाहिजे. बोल्टची एक पेटी राहिली तर छोट्या विमानाचं भाडं भरायची तयारी ठेवा.

आता मालकी. इथे लोक घाई करतात, म्हणून जरा सविस्तर. अलास्कात राज्य सरकार आडगावांतल्या घरगुती विजेच्या महिन्याच्या पहिल्या ७५० युनिटांना अनुदान देतं, आणि ते वीज तयार करायला येणाऱ्या खर्चावरून ठरतं. डिझेल वाचलं की खर्च उतरतो आणि त्याबरोबर अनुदानही. घरच्या बिलात फारसा फरक पडत नाही. मग गावाने कशासाठी हो म्हणायचं? शुंगनाक आणि कोबुक या शेजारच्या गावांनी यावर चांगला तोडगा काढला. २०२१ साली उभा राहिलेला २२३.५ किलोवॅटचा सौर प्रकल्प आणि बॅटरी तिथल्या आदिवासी परिषदांच्या मालकीची आहे. या परिषदा वीज सहकारी वीज संस्थेला विकतात आणि पैसा गावात राहतो. कॅनडातल्या युकॉनच्या ओल्ड क्रोमध्येही तेच. रस्ता नसलेलं, विमानानेच गाठायचं गाव, तिथल्या वुंतुत ग्विचिन आदिवासींच्या मालकीची ९४० किलोवॅटची पॅनेल, आणि वीज विकत घ्यायला वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार. वर्षाला सुमारे १ लाख ८९ हजार लिटर डिझेल वाचेल असा त्यामागचा हिशेब आहे. करार वाचताना एक कलम नक्की शोधा: वीज जास्त झाली तर आधी कोणाची बंद होणार, आणि त्याचे पैसे मिळणार का.

बैठका शिकारीच्या हंगामात ठेवू नका, खोलीत कोणी नसेल. आणि संमती नंतर बघू, हा विचार तर करूच नका. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोसेनच्या पवनचक्क्यांचे परवाने अवैध ठरवले, कारण तिथल्या सामी या आदिवासी रेनडिअरपालकांच्या सांस्कृतिक हक्कावर गदा आली होती. तोवर चक्क्या फिरायलाही लागल्या होत्या!

एकट्या गावासाठी तंत्रज्ञ ठेवणं परवडत नाही. दोन-चार गावांनी एकाच मेकची यंत्रं घ्यावीत, सुटे भाग एकत्र ठेवावेत, एकाचा ऑपरेटर अडला तर दुसऱ्याचा जावा. अलास्काच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या कोंगिगानाक, क्विगिलिंगोक, तुंतुतुलियाक आणि किपनुक या गावांनी चानिनिक विंड ग्रुप असाच बांधला. ग्विचिन लोकांच्या ग्विचिन काउन्सिल इंटरनॅशनल या संघटनेच्या पुढाकाराने, उत्तर ध्रुवाभोवतीच्या देशांच्या आर्क्टिक काउन्सिलखाली चाललेल्या अरेना कार्यक्रमातही वेगवेगळ्या देशांतली गावची माणसं एकमेकांचे प्रकल्प बघून शिकली. माझ्या अनुभवात ऑपरेटरला दुसऱ्या ऑपरेटरचं पटतं, आमच्यासारख्यांचं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

चानिनिकची आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी. घरं गरम ठेवायला लागणारं तेल हा गावाचा मोठा खर्च असतो. वारा जोरात असताना उरलेली वीज त्यांनी घराघरांतल्या विटांच्या स्टोव्हमध्ये घातली. विटा तापतात आणि ती ऊब नंतर तासन्‌तास पुरते. अशा स्टोव्हला मीटर वेगळा बसवा आणि दर तेलाच्या उबेपेक्षा स्वस्त ठेवा. स्टोव्ह चालू-बंद करणं मात्र पॉवरहाऊसच्या कंट्रोलरच्या हातात हवं. नाहीतर वारा पडल्यावरही ते चालू राहतील आणि जनरेटर त्यांच्यासाठी डिझेल जाळत बसेल.