आधी परतीची वाट आखा

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशिन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी. ड्रॉइंगवर लिहिलेलं माप आणि समोरचा जॉब यांत किती फरक पडला ते बघायचं आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. गेली बरीच वर्षं मी हिमालयात जाते. पायवाट सोडून जायचं असलं की तोच व्हर्नियर घेऊन घरच्या टेबलावर नकाशापुढे बसते.

बेळगावात आता काश्मीरची तळी करून आलेले बरेच जण भेटतात. सोनमर्गहून निघायचं, विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल करत नारानागला उतरायचं. फार सुंदर वाट आहे, पण ती मळलेली आहे, पुढं कुणी ना कुणी चालत असतं. ती करून आल्यावर ‘आता वाट नसलेल्या तळ्यांकडे जायचंय, ते कसं ठरवायचं?’ असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. असे दोन-तीन ट्रेक अंगाखाली गेलेले नसतील, ४,००० मीटरवर तुमचं डोकं आणि पोट कसं वागतं हे माहीत नसेल, तर आधी ते करा. घाई नको.

उदाहरण हिमाचलातल्या धौलाधारचं घेते. करेरी तलाव २,९३४ मीटरवर आहे आणि तिथपर्यंत चांगली पायवाट आहे. त्याच्या वर मिंकियानी जोत, सुमारे ४,२५० मीटर. तिकडच्या बोलीत जोत म्हणजे खिंड आणि डल म्हणजे तळं. जोत ओलांडली की चंबा जिल्हा लागतो. तिथं सुमारे ३,९६० मीटरवर लामडल आहे, धौलाधारमधलं सर्वांत मोठं तळं, आणि त्याच्या आसपास लहान लहान डलं. जोतीपर्यंत गद्दी मेंढपाळांची वाट सापडते. पलीकडे एका डलाकडून दुसऱ्याकडे जाताना वाट कमी आणि धोंडे जास्त.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालच्या वाटेवर हवा बिघडली आणि आपल्या कर्नाटकातले ९ ट्रेकर गेले. ती बातमी आली त्या आठवड्यात मी माझ्या सगळ्या जुन्या आराखड्यांत एकच गोष्ट शोधत बसले होते: इथं अडकलो असतो तर खाली कुठून आलो असतो? तीन ठिकाणी उत्तर सापडलं नाही. तेव्हापासून मी आधी परतीची वाट आखते आणि मग जायची.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. नकाशावर ज्या डलांशी मुक्काम करावासा वाटतो त्यांवर पेन्सिलीनं ठिपके द्या. मग प्रत्येक ठिपक्यापासून खालच्या जवळच्या गावापर्यंत किंवा मळलेल्या वाटेपर्यंत लाल रेघ ओढा. ही रेघ धुक्यात, पावसात, एक माणूस आजारी असताना चालता आली पाहिजे. वाटेत जोत चढावी लागत असेल तर ती परतीची वाट नव्हे. डलातून निघणाऱ्या ओढ्याच्या कडेनं खाली जाऊ, असं बहुतेकांना वाटतं. पण ओढा कड्यावरून उडी मारू शकतो, आपण नाही. नकाशात ओढ्याला आडव्या जाणाऱ्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथं एकमेकींना चिकटतात तिथं धबधबा समजा आणि त्याच्या बाजूनं जागा आहे का ते बघा. ज्या ठिपक्याला लाल रेघ मिळत नाही तो ठिपका खोडा. तळं कितीही सुंदर असो. उरलेले ठिपके निळ्या रेघेनं जोडले की तुमचा ट्रेक तयार होतो.

ठिपके जोडताना उतार मोजावा लागतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे बरेचसे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतात. या प्रमाणात नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर आणि १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. शेजारच्या दोन समोच्च रेषांमध्ये किती मीटर उंची धरली आहे ते नकाशाच्या तळाशी लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. समजा ४० मीटर आहे. रेषा एकमेकींपासून २ मिलिमीटरवर असतील तर उतार साधारण २२ अंशांचा: पाठीवर ओझं घेऊन नीट चालता येतं. दीड मिलिमीटर असेल तर २८ अंश, हातात काठी हवी आणि खाली बघत चालायला हवं. १ मिलिमीटर म्हणजे ३९ अंश, तिथं जायचं नाही. रेषा २० मीटरच्या असतील तर ही सगळी अंतरं निम्मी धरा. मी बटर पेपरची एक पट्टी कापून तिच्यावर बारीक पेनानं या खुणा केल्या आहेत. ती पट्टी रेघेवरून सरकवत न्यायची आणि अडेल तिथं रेघ वळवायची.

आणि प्रिंट तपासा. हे मी पोळून शिकले आहे. २०२२ च्या सप्टेंबरात लामडलच्या वरच्या बाजूला एका लहान डलाकडे उतरायचं ठरवलं होतं. रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून मी ए-फोरचा भाग ए-थ्रीवर मोठा करून घेतला होता आणि ते मोजताना विसरले. ए-फोरचं ए-थ्री केलं की लांबी १.४१ पट होते. कागदावर २ मिलिमीटर भरलेलं अंतर मूळ नकाशात दीडाहूनही कमी होतं आणि मी २२ अंशांचा धरलेला उतार ३० अंशांचा निघाला. सगळी सुटी खडी. एक पाऊल टाकलं की दोन हात खाली सरकायचं, आणि सरकलेले दगड पुढं कुठंतरी पडल्याचा आवाज उशिरा यायचा. तो उशिराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. खाली कातळाची उभी पायरी होती, नकाशात नसलेली. दोन रेषांमधली उंची ४० मीटर असेल तर ३० मीटरचा कडा त्यांच्यामध्ये न दिसता मावू शकतो.

माझा खानापूरचा मामेभाऊ बरोबर होता. तो म्हणाला, “अक्का, अजून जरा खाली उतरून बघूया की.” आमच्याबरोबरच्या गद्दी काकांनी खाली बघितलंच नाही, पायाशी बघितलं. एकही लेंडी नव्हती. मेंढ्या जिथं जात नाहीत तिथं माणसानं का जायचं, असं ते म्हणाले आणि मागं वळले. दुपारचे दोन वाजले होते. त्या दिवसाची परतायची वेळ मी कागदावर दोनच लिहिली होती, म्हणून वादही झाला नाही. ते डल मी अजून पाहिलेलं नाही.

तेव्हा कुठल्याही छापील नकाशावर आधी स्केलची पट्टी मोजा. १ किलोमीटरला बरोबर २ सेंटिमीटर भरले तरच पुढं जा. प्रिंटच्या दुकानात ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा. आणि लपलेल्या कड्यांसाठी उपग्रहाचे फोटो बघा, तेही वेगवेगळ्या तारखांचे. जूनच्या फोटोत बर्फ सगळं झाकतो, ऑक्टोबरच्या फोटोत कातळ उघडा पडतो. कड्याची सावली काळ्या पट्टीसारखी दिसते. नीट बघितलंत तर मेंढ्यांच्या वाटाही दिसतात, उतारावर बारीक आडव्या दोऱ्यांसारख्या. तुमची रेघ त्यांना मिळत असेल तर चांगली खूण समजा.

वेळेचा हिशोब सोपा, पण मन मानत नाही असा. १८९२ पासूनचा नेस्मिथचा नियम म्हणतो: ५ किलोमीटरला एक तास, आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ४ किलोमीटर अंतर आणि ७०० मीटर चढ म्हणजे दोन तास. पायवाटेवर हे बऱ्यापैकी जुळतं. धोंड्यांतून, सॅक घेऊन, ४,००० मीटरवर मला तेवढ्याला सहा तास लागले आहेत. मी तिप्पट धरते आणि दुपारी एकपर्यंत मुक्कामी पोहोचेन असाच दिवस आखते, कारण दुपारनंतर ढग भरतात आणि वितळलेल्या बर्फानं ओढे फुगतात. मोठा ओढा ओलांडायचा असेल तर मुक्काम अलीकडे करून पहाटे ओलांडा.

उंचीचं गणित वेगळं करा. बेळगाव साडेसातशे मीटरवर. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. या हिशोबानं करेरीहून निघून जोत ओलांडून त्याच दिवशी लामडलवर झोपणं चूक आहे, ती एका रात्रीत हजार मीटरची उडी होते. मी करेरीवर दोन रात्री धरते आणि जोतीच्या अलीकडे साडेतीन हजारच्या आसपास आणखी दोन. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा बसल्या जागी धाप लागली तर गोळी देऊन वाट बघायची नाही. अंधार असला तरी लाल रेघेनं खाली.

बर्फाबद्दल आपल्याकडच्या माणसाला सहज न सुचणारी गोष्ट: करेरीच्या बाजूचा चढ दक्षिणेकडे तोंड करून आहे, तिथं बर्फ लवकर जातो. पलीकडचा चंब्याचा उतार उत्तरेकडे आहे. चढताना कोरडा दगड बघून निर्धास्त झालात की माथ्यावर पोहोचून पलीकडे सकाळचा कडक बर्फ भेटतो. जूनमध्ये जाणार असाल तर बुटांना लावायचे काटे हवेतच. मी सप्टेंबरचा शेवट निवडते. जुलै-ऑगस्टमध्ये धौलाधारवर आपल्या कणकुंबीसारखा पाऊस कोसळतो, आणि त्या काळात जिल्हा प्रशासन अनेकदा ट्रेकिंगवर बंदी घालतं. जाण्याआधी विचारून घ्या, परवानगी आणि नोंदणी करा.

सॅटेलाइट फोन नेऊ नका. सरकारी परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांमुळेही लोक अडचणीत आले आहेत. म्हणजे वर गेल्यावर मदत बोलावता येणार नाही असंच धरून आखणी करायची. चार जणांपेक्षा कमी नको: एक जखमी, एक त्याच्याजवळ, दोघं खाली निरोप न्यायला. आणि त्या चारांत एक जण तिथला असावा.

सराव इथंच होतो. राजहंसगडावर सॅकमध्ये १२ किलो घालून आठवड्यातून दोनदा चढ-उतार. कंपासच्या सरावासाठी चंदगडकडचे कलानंदीगड, महिपाळगड, पारगड चांगले. पावसाळ्यात माथ्यावर धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही. अशा वेळी मोकळ्या सपाटीवर, कड्यापासून लांब, नकाशात एक झाड किंवा देऊळ धरायचं, दिशा लावायची, पावलं मोजत जायचं आणि किती चुकलो ते बघायचं. पहिल्यांदा मी पाचशे पावलांत साठ पावलं उजवीकडे गेले होते. त्यासाठी भीमगडच्या जंगलात मात्र घुसू नका, ते अभयारण्य आहे.

खाण्याचं आपलं बेळगावकरांचं चांगलं आहे. ४,००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, मेतकूट, भाजलेलं पीठ हे सगळं न शिजवता चालतं. भाकऱ्या सॅकमध्ये चुरतात म्हणून मी त्या स्टीलच्या ताटलीवर रचून कापडात घट्ट बांधते. चुरा झालाच तर गरम पाण्यात तूप आणि चटणी घालून कालवते. थंडीत त्यासारखं दुसरं काही लागत नाही. गॅसचे डबे रेल्वेत आणि विमानात नेता येत नाहीत, ते धर्मशाळेकडेच घ्या. गोवा एक्स्प्रेसनं बेळगावहून दिल्ली दोन रात्री, पुढं बस. प्रवासाचे हे दिवस सुट्टीत मोजा, नाहीतर परतीच्या तिकिटाच्या धाकानं लोक वाईट हवेत जोत चढतात. मी शेवटी दोन दिवस मोकळे सोडते.

तळ्यात साबण नको, तंबू आणि शौचाची जागा पाण्यापासून किमान ६० मीटर लांब. लामडल तिथल्या लोकांसाठी शंकराचं तळं आहे. काठावर चप्पल काढून ठेवलेली माणसं दिसली तर आपणही काढावी.

निघायच्या आदल्या दिवशी एक कागद घरी ठेवा. माझा अनगोळच्या भावाकडे असतो, देवघराच्या कपाटात. त्यावर प्रत्येक रात्रीचा मुक्काम, निळी रेघ, लाल रेघ, बरोबरच्या माणसांचे रक्तगट, खालच्या पोलीस ठाण्याचा नंबर आणि एक तारीख व वेळ. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं तेही लिहिलेलं. ही वेळ ठरलेल्या दिवसाची नको, मोकळे दोन दिवस धरून त्यानंतरची द्या. नाहीतर पावसानं एक दिवस अडलात की घरचे घाबरून शोध सुरू करतात. खाली पोहोचून रेंज आली की पहिला फोन त्यालाच. तो कागद काढतो, वेळ बघतो आणि एकच विचारतो: “अक्का, लाल की निळी?”