वर्गाला जोडून व्हॉट्सॲप: नववीचं विज्ञान

बऱ्याच घरांत फोन एकच, आणि तोही दिवसभर बाबांच्या खिशात. सकाळी अकराला टाकलेला अभ्यास मुलांना दिसतो रात्री, तोही शंभर मेसेजच्या खाली. म्हणून संध्याकाळी सातची वेळ पक्की ठेवा, उत्तरं साडेनऊपर्यंत घ्या.

साधा ग्रुप काढला की प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुलींच्या पालकांची पहिली तक्रार हीच असते. त्याऐवजी कम्युनिटी काढा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि नवा मेसेज फक्त ॲडमिन टाकतो, त्यामुळे गुड मॉर्निंगची फुलंही थांबतात. मुलांना पालकांच्याच नंबरवरून, त्यांना विचारून घ्या.

रोज एवढंच पाठवा: दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज, पुस्तकातला पान क्रमांक आणि एक प्रश्न. व्हिडिओ टाकू नका; डेटा जातो, फोन भरतो आणि मग सगळ्यात आधी तुमचाच व्हिडिओ डिलीट होतो. पुस्तकातला धड्याचा क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने स्कॅन करायला सांगा.

खरी मेहनत प्रश्नावर घ्या. ‘गतीचे नियम’ शिकवायच्या आदल्या दिवशी विचारा: एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे का जातो? (अ) बस पुढे ढकलते (ब) ब्रेकचं बल आपल्यावर पुढच्या दिशेने लागतं (क) शरीर आधीच्याच वेगाने जात राहतं. चुकीचे पर्याय मुलांच्या डोक्यातलेच हवेत, उगाच भरीचे नकोत. पोल घेऊ नका. कुठल्या पर्यायाला जास्त मतं पडली ते दिसलं की बाकीचे त्याच्याच मागे जातात. अक्षर आणि एका ओळीत कारण थेट तुमच्या नंबरवर मागवा. सकाळी मोजा. ‘ब’वाले जास्त असतील तर तास तिथूनच सुरू करा. हे मोजणं टाळलंत तर बाकीचा खटाटोप फुकट.

उत्तरांसाठी दुसऱ्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. त्यात ‘तपासलं’, ‘पुन्हा लिही’ अशी लेबलं लावता येतात, आणि ‘एकक राहिलं’ यांसारखे नेहमीचे शेरे क्विक रिप्लायमध्ये साठवता येतात. वहीचा फोटो उजेडात, वरून सरळ, एका फोटोत एकच पान. कोपऱ्यात हजेरी क्रमांक. तो नसला तर ‘पप्पा’ नावाच्या नंबरवरून आलेली वही कोणाची, हे शोधत बसाल.

घरी फोनच नाही अशी चार-पाच मुलं वर्गात असतातच. प्रश्न शेवटच्या तासाला फळ्यावर लिहा; ती सकाळी चिठ्ठीवर उत्तर देतील. मोजणी त्यांच्यासकट करायची.