होल्डिंग पाँडचं गणित आणि मी विसरलेली भरती

नवी मुंबईत खाडीलगत सिडकोने होल्डिंग पाँड बांधले. भरतीला खाडीचं पाणी आत शिरू नये म्हणून झडपा मिटतात, तेवढा वेळ शहरातलं पावसाचं पाणी पाँडमध्ये थांबतं आणि ओहोटी लागली की बाहेर जातं. माझं पहिलं रूटिंग, म्हणजे पाँडमधलं पाणी वेळेनुसार किती चढतं-उतरतं याचं गणित, अशाच एका पाँडचं होतं आणि ते चुकलं. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आत येणारं वजा बाहेर जाणारं म्हणजे साठ्यातला फरक, हे तुम्हाला येतं. लेव्हल, साठा, विसर्ग असा तक्ता करून दहा-दहा मिनिटांनी पुढे सरकायचं, तेही येतं. माझंही ते सगळं बरोबर होतं. चूक विसर्गाच्या रकान्यात होती.

600 मिमी व्यासाचा पाइप घ्या. पाइपच्या मध्यापासून पाँडचं पाणी 1 मीटर वर आणि विसर्गाचा गुणांक 0.6 धरला, तर सेकंदाला 0.75 घनमीटर बाहेर पडतं. पण बाहेर पाणी नसेल तरच! खाडी मध्यापासून पाऊण मीटर वर आली की फरक उरतो पाव मीटर आणि विसर्ग निम्मा होतो. खाडी पाँडच्या बरोबरीला आली की शून्य. आता सेकंदाला 2 घनमीटर पाणी आत येतंय आणि झडप 3 तास मिटलेली आहे असं धरा. साठले 21,600 घनमीटर. 1 हेक्टरच्या पाँडमध्ये पाणी 2.16 मीटर चढलं. 0.75 चा विसर्ग चालूच आहे असं मानलं, तर कागदावर ते जेमतेम 1.35 मीटर दिसतं. मधले 81 सेंटिमीटर कुणाच्या तरी घरात शिरतात.

म्हणून एका लेव्हलला एकच विसर्ग हा तक्ता इथे चालतच नाही. प्रत्येक पायरीला खाडीची त्या वेळची लेव्हल घ्या. तीही नीट बघून घ्या: भरतीच्या वेळापत्रकातली उंची चार्ट डेटमपासून (ओहोटीच्या खालच्या पातळीजवळ धरलेल्या शून्यापासून) असते, नकाशातल्या लेव्हल सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत दोन्हींत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. वेळापत्रकातली साडेचार मीटरची भरती नकाशावर 2 मीटरच्या आसपास येते. आणि पावसाचा जोर भरतीच्या माथ्यावर आणून एकदा गणित कराच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, त्या दुपारी भरतीही होती.

सीनियरची तयार एक्सेल शीट घेऊ नका. माझी चूक तिथूनच आली; ती शीट डोंगराच्या पायथ्याच्या तलावासाठी केलेली होती, तिथे भरतीचा प्रश्नच नव्हता. एसडब्ल्यूएमएम हे पावसाच्या पाण्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आउटफॉल (पाणी बाहेर पडण्याची जागा) ‘फ्री’, म्हणजे भरतीविना, राहिलाय का आणि फ्लॅप गेट (पाणी उलटं आत येऊ न देणारी झडप) लावलंय का, ते आधी पाहा. माझ्या मते खरा गुरू तोच, जो तुम्हाला भरतीच्या वेळी झडपेपाशी नेऊन उभा करतो.

घाबरू नका. गणितातले पहिले तीन तास हाताने सोडवलेत की आकडे ओळखीचे होतात. मला दोन आठवडे लागले, तुम्हाला कमी लागतील. मात्र साठ्याचा रकाना जुन्या नकाशावरून भरू नका. यातल्या कित्येक पाँडमध्ये गाळ बसून खारफुटी उगवली आहे. आधी तळाची नवी लेव्हल घ्या.