नेवरी येते ना, मग पाय पण येईल

आधी शब्दाचा घोळ मिटवूया, हा पाय म्हणजे इंग्रजीतला pie. घरी पहिल्यांदा मी "आज पाय करतेय" म्हटलं तेव्हा सासूबाईंनी शांतपणे विचारलं, कोणाचे, बकऱ्याचे का? तेव्हापासून आमच्याकडे त्याला "ती भट्टीतली नेवरी" म्हणतात (नेवरी म्हणजे आमची गोव्याकडची करंजी) आणि खरं सांगायचं तर हे नाव जास्त बरोबर आहे, कारण पाय म्हणजे शेवटी काय तर पारी आणि सारण, तळायच्या ऐवजी भाजलेलं.

युरोपातल्या पायांची नावं वाचली की वाटतं हे आपल्याला कधी जमणार, कीश काय, पॅस्टी काय, स्पानाकोपिता काय. पण सारण बाजूला ठेवून नुसत्या पारीकडे बघा, बहुतेक सगळं तीन प्रकारांत बसतं. थंड लोणी मैद्यात चोळून केलेली, ती आपल्या मोहनाची बहीण. उकळतं पाणी ओतून केलेली, ती सरळ सरळ उकड. आणि पातळ पापुद्रे एकावर एक रचून मध्ये बटर लावलेली, ती साट्याची. चवथीला नेवऱ्या आणि मोदक दोन्ही करणाऱ्या बाईला ह्यात नवीन फक्त एकच गोष्ट आहे, थंडावा, आणि तोच आपल्याकडे नाही.

म्हणून थंड लोण्याच्या पारीवर जरा जास्त बोलते, बाकीचं सोपं आहे. आपण करंजीला मोहन कडकडीत घालतो, मुठीत दाबून मुटका होतो का बघतो. इथे उलटं, बटर वितळता कामा नये, त्याचे बारीक बारीक कण पिठात तसेच राहायला हवेत, मग ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तेवढ्या जागी पापुद्रा सुटतो. आता मे महिन्यात फोंड्याच्या स्वयंपाकघरात बत्तीस-तेहतीस डिग्री, बटर नुसतं ओट्यावर ठेवलं तरी त्याचं तेल होतं. माझी पहिली कीश, म्हणजे अंडी-क्रीमचा फ्रेंच पाय, अशीच गेली, पारी डब्याच्या कडेवरून घसरत खाली बसली, अंड्याचं मिश्रण खालून गळलं आणि वर लाईट गेली. सासऱ्यांनी ते खाल्लं पण "धिरडं जरा जाड झालंय" म्हणून.

तर आता मी असं करते. २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम बटर, आणि बर्फाचं पाणी चार ते पाच मोठे चमचे. पीठ दुप्पट, बटर निम्मं, एवढं लक्षात ठेवलं की वजनकाट्याशिवाय दुसरं काही बघायला नको. अमूलचं पिवळं बटर खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ घालायचं नाही. बटर आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि सकाळी खोबऱ्याच्या नाही, गाजराच्या जाड किसणीवर मैद्यात किसायचं, म्हणजे हात लावायची वेळच कमी येते. मैदा आणि परातसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये. मग फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही, तळहात गरम असतो. जाड रव्यासारखं दिसलं की पाणी शिंपडून गोळा करायचा, मळायचा नाही, पोळीच्या कणकेसारखा तिंबलात तर भाजल्यावर कडक वादड होईल आणि कडेने आक्रसेल. गोळा चपटा करून तासभर फ्रीजमध्ये आणि मग दुधाच्या पिशव्या धुऊन कापलेल्या असतात ना, त्या दोनांच्या मध्ये लाटायचा. लाटताना मऊ पडायला लागला की भांडायचं नाही, पिशवीसकट परत फ्रीजमध्ये, दहा मिनिटं, तेवढ्यात चहा.

ही पारी आली की कीश लोरेन आली. फ्रान्सच्या लोरेन प्रांतातली, जर्मन सीमेजवळची, म्हणून नावसुद्धा जर्मन कुखेन म्हणजे केक ह्या शब्दावरून आलंय असं मानतात. जुन्या लोरेनमध्ये चीज नसायचं, फक्त अंडी, क्रीम आणि खारवलेल्या डुकराचे तुकडे. ३ अंडी, टेट्रापॅकमधलं क्रीम २०० मिली, दूध १०० मिली, मिरी, किंचित जायफळ. बेकनच्या जागी मी कधी कधी चोरिस, म्हणजे गोव्याचं डुकराचं सॉसेज, घालते, त्यात व्हिनेगर मीठ मसाला सगळं असतंच, तव्यावर परतून तेल निथळून घ्या नाहीतर सगळी कीश लाल आणि तेलकट. डुक्कर चालत नसेल तर परतलेले अळंबे, पावसात मिळाले तर रोयण अळंबी घालायचा मोह होईल पण ती एवढी महाग की तिची शागोतीच करा, इथे वाया घालवू नका.

एक गोष्ट मात्र चुकवायची नाही. पारी आधी रिकामी भाजायची. डब्यात बसवून काट्याने टोचे मारा, वर बटरपेपर आणि त्यावर वजन म्हणून कडधान्य. मी त्यासाठी अळसांदे वापरते, बरणीवर चिठ्ठी लावलीय "पायाचे, शिजवू नये", कारण एकदा कोणीतरी भिजत घातले होते आणि दोन तास कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी दगडच. २०० डिग्रीवर पंधरा मिनिटं वजनासकट, मग कागद काढून अजून सात-आठ मिनिटं, तळ कोरडा दिसेपर्यंत. मग मिश्रण ओतून १७० वर तीस-पस्तीस मिनिटं. मध्यभाग किंचित थरथरत असतानाच बाहेर काढा, बाहेर आल्यावर तो बसतो, आत बसेपर्यंत वाट बघाल तर अंड्याला पाणी सुटेल.

आता उकडीची. एप्रिल-मेमध्ये किंवा पावसात पाय करायचा असेल तर मी डोळे मिटून हीच करते कारण इथे थंडाव्याची भानगडच नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरशर भागात मेल्टन मोब्रे गावचा पोर्क पाय असतो तो ह्या पारीचा, साच्याशिवाय भाजतात म्हणून त्याच्या कडा पोट सुटल्यासारख्या बाहेर फुगलेल्या असतात, आणि भाजून झाल्यावर वरच्या भोकातून हाडांचा घट्ट होणारा रस ओततात. माझी मजल अजून साच्याशिवाय गेलेली नाही. ३०० ग्रॅम मैदा, पाऊण चमचा मीठ, आणि पातेल्यात १३० मिली पाणी आणि १०० ग्रॅम चरबी उकळायची, तिकडे डुकराची चरबी, इथे मी वनस्पती तूप घेते, साजूक तुपाला वास फार येतो. उकळी फुटली की मैद्यात ओता, चमच्याने ढवळा, हाताला सोसवेल इतकं झालं की मळा. आणि गरम आहे तोवरच वापरा, गार झाली की चिरा पडतात, मोदकाच्या उकडीसारखंच, म्हणून झाकण ठेवून एक एक गोळा बाहेर काढायचा. मफिनच्या ट्रेमध्ये बोटांनी दाबत कडा वर चढवा, सारण भरा, वर चकती, कडेला अंडं लावून चिमटे, मधोमध वाफेला भोक. २०० वर वीस मिनिटं मग १७० वर पंचवीस.

ह्यात पोर्क, चिकन, काय हवं ते. आमच्या शेजारची आंटी बघून म्हणाली अगो ही तर आमची एम्पादीन्य! गोव्यातल्या ख्रिश्चन घरांत सणाला, लग्नाला डुकराच्या मांसाच्या छोट्या एम्पादीन्या होतात त्या पोर्तुगीज एम्पादांवरूनच आल्या, आणि स्पेनच्या गॅलिसियातली मोठी चौकोनी एम्पानादासुद्धा त्याच घराण्यातली. तिचं नाव ज्या शब्दावरून आलं त्याचा अर्थ पावात गुंडाळणे. तो तिकडचा पान आणि आपल्या पोदेराच्या टोपलीतला पाव एकाच कुळातले. आंटीच्या घरी आपा द कामारांव पण होतो, म्हणजे पायच पण पारी तांदूळ, खोबरं आणि माडाच्या सुरेची आणि आत सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, आंबट-तिखट बालशांव. हा मूळचा युरोपातला नव्हे, कल्पना तिकडची आणि पीठ इथलं. तो कसा करतात ते मी अजून शिकतेय म्हणून इथे लिहीत नाही.

कॉर्निश पॅस्टी तर उघड उघड नेवरीच. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या खाणीत जाणारी माणसं ही डब्यासारखी न्यायची, आमच्या डिचोलीकडच्या खाणवाल्यांनी भाजी-पाव न्यावा तशी. २०११ साली युरोपियन युनियनने ह्या नावाला संरक्षण दिलं आणि नियम वाचले की आपल्या आज्या आठवतात: आकार अर्धगोलच, मुरड बाजूलाच, वरती नाही, सारण कच्चंच भरायचं, त्यात गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमाचा भाऊ. मी बोकडाचा हाताने कापलेला खिमा घेते, २५० ग्रॅम, आणि स्वीडच्या जागी नवलकोल. बटाट्याच्या फोडी नको, सुरीने पातळ पातळ कापे. मीठ आणि भरपूर मिरी, बस. गरम मसाला घालायला हात शिवशिवतो पण एकदा तरी नुसत्या मिरीची करून बघा, मांसाचाच रस बटाट्यात उतरतो. पारी कीशची, थंड लोण्याचीच, पण ही थोडी मळायची आणि जास्त घट्ट ठेवायची कारण हातात धरून खायची आहे, ३०० ग्रॅम मैद्याला १५० ग्रॅम बटर, चार होतात. ताटलीएवढी लाटा, अर्ध्या भागात सारण, दुमडा, कडा दाबा आणि मुरड घाला, अंगठ्याने दुमडत पुढे जायचं, फक्त नेवरीपेक्षा जाड. कातण फिरवून मोकळं होऊ नका, भाजताना रस सुटतो आणि कातलेली कड उघडते, मी शिकलेय. वरून अंडं, २०० वर वीस मिनिटं, १७० वर चाळीस.

पापुद्र्याची सोपी, कारण फिलोचे, म्हणजे पिठाच्या अगदी पातळ पाऱ्यांचे, तयार कागद फ्रोझन मिळतात. ग्रीसची स्पानाकोपिता म्हणजे पालक आणि फेटा नावाचं खारट चीज. मी तांबडी भाजी (लाल माठ) घालते, रंग जातो पण चव छान, फक्त परतल्यावर फडक्यात घालून जिवाच्या आकांताने पिळा नाहीतर तळ लगदा. फेटा महाग पडतो म्हणून पनीर कुस्करून त्यात मीठ जरा सढळ आणि लिंबू. प्रत्येक कागदाला वितळलेलं बटर, खाली सहा वर सहा, आणि पंखा बंद! आपल्याकडे हवा दमट असली तरी पंख्याखाली फिलो दोन मिनिटांत पापडासारखा तडकतो. भाजायच्या आधीच वड्या पाडून ठेवा, नंतर कापाल तर चुरा. १८० वर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं.

गोडात सगळे सफरचंदाच्या मागे असतात, मला विचाराल तर काजूवाल्या गोव्यात लिंझर टोर्ट करायला हवा. ऑस्ट्रियातलं लिंझ शहर, तिथल्या ह्या टार्टची कृती १६५३ सालच्या हस्तलिखितात सापडते. पारीतच सुक्यामेव्याची पूड असते आणि वर जाळी, आत आंबट लाल जॅम. तिकडे रेडकरंट, इथे एप्रिल-मेमध्ये करवंदं, चोथा गाळून साखरेत आटवून घट्ट करा. मैदा, बटर, काजूची पूड तिन्ही १५० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, १ अंडं, दालचिनी आणि दोन लवंगांची पूड. बदाम किंवा हेझलनट असतात मूळ, पण काजू हलवाई पद्धतीने वाटू नका, तेल सुटून गोळा होतो, मिक्सर थांबत थांबत फिरवा. हा गोळा इतका मऊ की लाटताच येत नाही, म्हणून डब्यात हातानेच थापायचा, जॅम पसरायचा आणि उरलेल्या पिठाच्या दोऱ्या वळून जाळी. दोऱ्या तुटल्या तर तिथेच चिकटवा, भाजल्यावर कळत नाही. १७५ वर चाळीस मिनिटं. आणि त्याच दिवशी कापू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चव मुरते, हे मुलांना समजावणं कठीण.

इटलीत नेपल्सला ईस्टरला पास्तिएरा करतात, शिजवलेले गहू, रिकोटा आणि संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा सुगंध. गव्हाची खीर पारीत घालून भाजलीय असं समजा. रिकोटाच्या जागी घरचं फाडलेलं दूध, ताजं, चांगलं घोटून. फ्रान्सची तार्त तातँ उलटी असते, साखर आणि बटर कढईत तांबूस करून त्यावर फळं, वर पारी, भाजून झाल्यावर उलटायची. सफरचंदाऐवजी अननस टाकला तर आधी परतून त्याचं पाणी आटवा. उलटताना जाड फडकं घ्या, कॅरमेल हातावर आलं तर फोड येतोच.

पावसाळ्यात कुठलाही पाय संध्याकाळपर्यंत सादळतो, डब्यात कितीही घट्ट झाकून ठेवा. कीश-पॅस्टी फ्रीजमध्ये ठेवा आणि खायच्या आधी १६० वर दहा-बारा मिनिटं ओव्हनमध्येच गरम करा. ओव्हन नसेल तर झाकण ठेवून बिडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये नको, पारी चामडं होते आणि आतला बटाटा जीभ भाजतो.