गेमच्या मालिकेची तुलना: रोजमेळ नको, खतावणी लिहा

सांगलीत एका सीएच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांचे हिशेब लिहिते आणि रात्री पोरगी झोपली की 'ड्रॅगन एज' ही व्हिडिओ गेमची मालिका खेळते. पहिला भाग भारी की दुसरा, यावरून माझं आणि दादाचं दहा-बारा वर्षं वाजतंय. भांडण मिटलेलं नाही, पण भांडायचं कसं ते मला माझ्याच कामातून सापडलं.

तुलना करायला बसलो की आपण रोजमेळ लिहितो. आधी हे घडलं, मग ते घडलं, ग्राफिक्स असे, लढाई तशी. रोजमेळ कितीही नीट लिहा, कुणाकडून किती येणं आहे ते त्यात दिसत नाही. त्यासाठी खतावणी लागते, दर माणसाला एक पान. तेव्हा दोनशे पानी वही घ्या आणि आधी खातं कुणाचं उघडायचं ते ठरवा.

नायकाचं उघडू नका. 'ओरिजिन्स'मध्ये (२००९) ग्रे वॉर्डन, 'ड्रॅगन एज २'मध्ये (२०११) हॉक, 'इन्क्विझिशन'मध्ये (२०१४) इन्क्विझिटर. तिघं वेगळी, आणि तिघांतही निम्मे आपणच बसलेलो. त्यापेक्षा तिन्ही भागांत येणारं एखादं दुय्यम पात्र धरा. मी कलनला धरलं.

'ओरिजिन्स'मध्ये तो सर्कल टॉवरच्या, म्हणजे जादूगारांना ठेवतात त्या मनोऱ्याच्या, वरच्या मजल्यावर जादूच्या पिंजऱ्यात अडकलेला सापडतो. त्याच्यासोबतचे टेम्प्लर, म्हणजे जादूगारांवर पहारा ठेवणारे सैनिक, मेलेत, आणि त्याचं मागणं एकच: वर उरलेले सगळे जादूगार मारून टाका. पहिल्या खेपेला मी त्याचं नावसुद्धा लक्षात ठेवलं नव्हतं. दुसऱ्या भागात तोच कर्कवॉल शहरात नाइट-कॅप्टन झालेला भेटतो आणि जादूगारांना माणसासारखं वागवून चालत नाही, असं तोंडावर सांगतो. शेवटी मात्र आपल्याच वरिष्ठ मेरेडिथसमोर ठाम उभा राहतो. तिसऱ्यात तो आपला सेनापती असतो. टेम्प्लरांच्या अंगात भिनलेलं लिरियम, म्हणजे त्यांना ताकद देणारं आणि व्यसन लावणारं द्रव्य, सोडायच्या खटपटीत असतो, आणि एकदा त्याची पेटी अशी भिरकावतो की आपल्यालाच लागायची.

आता पानावर तीन रकाने आखा. त्याला काय हवंय? हे आपल्याला कोण सांगतंय? आणि त्यात मला हात घालता येतो का?

तिसरा रकाना कादंबरीच्या तुलनेत लागणार नाही, इथे तोच महत्त्वाचा. टॉवरमध्ये कलनचं ऐकायचं की नाही हे माझ्या हातात. लिरियम पुन्हा घे की घेऊ नको, हेही मीच सांगते. कर्कवॉलमध्ये मात्र मी जादूगारांची बाजू घेतली काय नि टेम्प्लरांची घेतली काय, तो मेरेडिथच्या विरोधात जातोच. हे लिहून काढलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिन्हींत मला हाच बदल जास्त पटतो, कारण तो माझ्या उपकारानं झालेला नाही. दादाला हे अजून मान्य नाही.

दुसरा रकाना 'ड्रॅगन एज २'साठी जपून भरा. ती गोष्ट हॉकचा सोबती वॅरिक सांगतोय, तीही कॅसँड्राच्या चौकशीत बसून. सुरुवातीलाच तो हॉकच्या पराक्रमाची अशी काही फेकतो की ती त्याला थांबवून खरं काय ते सांगायला लावते. पुढे स्वतःच्या भावाच्या वाड्यावर एकट्यानं केलेल्या हल्ल्याचंही तसंच. म्हणून वॅरिकच्या तोंडच्या नोंदी मी पेन्सिलीनं करते.

सोबत्यांशी नातं गेम मोजतो कसं, याला एक पान वेगळं ठेवा. 'ओरिजिन्स'मध्ये सरळ आकडा, उणे शंभर ते अधिक शंभर. मॉरिगनला दागिने द्या, ऑग्रेनला दारू पाजा, आकडा चढतो. (दिवाळीत क्लायंटकडून येणारी मिठाई आठवते.) दुसऱ्या भागात मैत्रीच्या समोर वैर ठेवलंय, आणि सतत विरोध केलेला सोबतीही मनापासून तुमच्याबरोबर राहू शकतो. मालिकेतली मला सगळ्यात आवडलेली कल्पना हीच. 'इन्क्विझिशन'मध्ये आकडाच झाकून टाकला. पसंत पडलं की नाही एवढंच कळतं.

शाई दोन रंगांची वापरा. कुणीही खेळलं तरी घडणारं निळ्यानं, तुमच्या निवडीमुळे घडलेलं लाल शाईनं. हे न केल्यामुळे मी आणि दादा 'ओरिजिन्स'मधल्या ॲलिस्टर या सोबत्यावरून एकदा अर्धा तास भांडलो. मी लोगेनला, म्हणजे ॲलिस्टरला ज्याचा राग होता त्या दगाबाज सेनापतीला, जीवदान दिल्यामुळे माझा ॲलिस्टर सोडून गेला आणि दुसऱ्या भागात गुत्त्यात पिऊन बसलेला भेटला. दादाचा ॲलिस्टर राजा. दोन वेगळ्या माणसांवर भांडत होतो आम्ही!

काही नोंदी जुळणारच नाहीत. पहिल्या भागात तिथल्या धर्मातली पवित्र राख विटाळली, तेव्हा लेलियाना ही सोबतीण बरोबर असली, तर ती आपल्यावर उलटते आणि तिला मारावं लागतं. तरी पुढच्या भागांत ती हजर. असल्या गोष्टी उचंत खात्यात, म्हणजे जागा न सापडलेल्या नोंदींच्या पानावर, टाका. ताळेबंद जुळवायला मधली कारणं स्वतः रचू नका, लेखकांनी काय पुसलं ते तिथूनच दिसतं.

'व्हेलगार्ड' या चौथ्या भागात (२०२४) मागच्या पानावरून फक्त तीन निवडी पुढे ओढल्यात, तिन्ही 'इन्क्विझिशन'च्या. कलन तर दिसतच नाही. त्याचं खातं मी बंद केलेलं नाही, खाली दोन पानं कोरी सोडलीत. दादाच्या वहीत त्या पानावर लाल शाई जास्त आहे. त्यानं कलनला लिरियम परत घ्यायला लावलं होतं.