सिलिंडरमध्ये दोन रिकाम्या पुंगळ्या

पॉइंट टू टूच्या, म्हणजे .२२ इंची बारीक गोळीच्या, रिव्हॉल्वरला झटका नसतो, असं ऐकून मी ते सरावासाठी घेतलं. झटका खरंच नसल्यासारखा आहे. गोळीच ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमपेक्षा जराशी जास्त. तरीही माझा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका, सतत डावीकडे खाली पडायचा. दोन महिने मी बॅकसाइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच, फिरवत बसले. दोष साइटचा नव्हताच. आधी मोठ्या बोअरचं, म्हणजे जाड गोळीचं, पिस्तूल चालवल्यामुळे गोळी सुटायच्या क्षणी माझं मनगट आपोआप खाली दबत होतं.

ही सवय पकडायला रिव्हॉल्वरसारखं साधन नाही. काडतुसं भरायच्या माझ्या फिरत्या सिलिंडरला आठ घरं आहेत. सहांत जिवंत काडतुसं आणि दोहोंत झाडलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) घालायच्या, नळी लक्ष्याकडे ठेवून न बघता सिलिंडर फिरवायचा आणि हाताने सावकाश बंद करायचा. मनगटाच्या झटक्याने बंद केला तर त्याला धरणारी बिजागरीसारखी भुजा वाकू शकते. मग सात मीटरवरून चाप ओढायचा. घोडा पुंगळीवर पडला आणि फोरसाइटने, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीने, बुडी मारली, तर ते आपलंच दचकणं. गोळी सुटते तेव्हा ते आवाजात लपून जातं.

नुसता टक् आवाज आला की नळी लक्ष्यावरच ठेवून ३० सेकंद थांबा. आत पुंगळी आहे की उशिरा फुटणारं काडतूस, हे त्या क्षणी कळत नाही. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबा, रिव्हॉल्वर रिकामं करा आणि नळीत गोळी अडकली आहे का ते तपासा. पुढची गोळी मागून आली तर नळी फुटू शकते.

घर मोकळं ठेवण्याऐवजी पुंगळी का, तर या काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या काठात असतो आणि पिन काठावरच आपटते. घर मोकळं असेल तर काही बनावटींत ती थेट घराच्या कडेवर बसते आणि तिथे खड्डा पडतो. आपल्या हत्याराला ड्राय फायर, म्हणजे काडतूस न घालता चाप ओढणं, चालतं का, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्या.

आधी घोडा मागे ओढून सराव करा. चाप हलका लागतो. डबल अॅक्शनला, म्हणजे घोडा आधी न ओढता नुसत्या चापाने झाडताना, तो फार जड जातो, कारण काठातला मसाला पेटायला घोडा जोरात आपटावा लागतो. पिस्तुलाची सवय असेल तर अंगठे पुढे ठेवू नका. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात.

पुंगळ्या काढताना नळी वर करून त्या बाहेर ढकलणारा दांडा एका दमात दाबा, म्हणजे न जळलेली दारू एक्स्ट्रॅक्टरखाली (पुंगळ्या उचलणाऱ्या चकतीखाली) अडकत नाही. काडतुसं घरात पूर्ण बसेनाशी झाली की पितळी ब्रश फिरवा. नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. शिसं पोटात जातं.

परवाना, कानाचं संरक्षण, चष्मा, घरी कुलूप आणि काडतुसं वेगळी, हे सगळं गृहीत धरते. लक्ष्यामागचा बांध मात्र दर वेळी स्वतः बघा. ही एवढीशी गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते.

मी वहीत मार्क लिहीत नाही, पुंगळीवर फोरसाइट किती वेळा हलली तेवढंच लिहिते. गेल्या खेपेला ३० पैकी ४ वेळा, आणि चारही डबल अॅक्शनमध्ये. या आठवड्यात घोड्याला अंगठा लावायचा नाही, असं ठरवलंय.